गरम हवा कुणाच्या खिडकीत

एसी थंडी तयार करत नाही. हे वाक्य मी भिवंडीतल्या इतक्या घरांमध्ये ऐकवलंय की माझा नवरा म्हणतो, आता याची पाटीच करून दारावर लाव. गिऱ्हाइकाची समजूत अशी की त्या पेटीत कुठंतरी थंडी भरलेली असते, ती हळूहळू संपते आणि मेकॅनिक येऊन पुन्हा भरून जातो. "मॅडम, ठंडा कम हो गया है, थोड़ा डाल दो," असं दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मला सांगतंच. मग मी हातातलं काम थांबवते आणि समजावून सांगायला बसते.

खोलीतली उष्णता उचलायची आणि भिंतीपलीकडे नेऊन टाकायची, एवढंच हे यंत्र करतं. हमालाचं काम गॅस करतो. तो तांब्याच्या नळीतून आत येतो, खोलीतली उष्णता घेतो आणि बाहेरच्या डब्यात जातो. त्या डब्याला आम्ही आउटडोर म्हणतो. तिथं तो उष्णता सोडतो आणि मोकळा होऊन परत आत येतो. ही सगळी ने-आण करायला जी वीज लागते, तिचीही शेवटी उष्णताच होते आणि तीही बाहेर पडते. म्हणजे आत जेवढं गार होतं, त्याहून बाहेर थोडं जास्तच तापतं. शिवाय ती वीज कुठंतरी लांब कोळसा जाळून केलेली असते, तो धूर वेगळाच.

इथपर्यंत गिऱ्हाईक मान डोलावतं. बाहेर म्हणजे नेमकं कुठं, हे मात्र कुणी विचारत नाही. मला तो प्रश्न कामतघरच्या एका बाईनं विचारायला लावला. तिच्याकडे येतेच, पण आधी माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं.

मी रेफ्रिजरेशनचा ट्रेड, म्हणजे फ्रीज-एसी दुरुस्तीचा कोर्स, घेतला तेव्हा वर्गात मुलगी मी एकटीच होते. बाबा म्हणायचे, असं काहीतरी शीक की लोकांनी स्वतःहून आपल्याला घरात बोलवलं पाहिजे. त्यांच्या पिढीला कुठल्या दारात उभं राहावं लागलं होतं आणि कुठल्या दारात उभंही राहू दिलं नव्हतं, ते मला ठाऊक होतं. फ्रीज बंद पडला आणि आतलं दूध नासायला लागलं की माणूस जात विचारत बसत नाही, हे बाबांचं गणित बरोबर निघालं. बाई आहे म्हणून मात्र विचारायचे. दार उघडून माझ्या मागं जिन्यात बघायचे. एका आजींनी मला पाणी दिलं, पंखा लावला आणि म्हणाल्या, "बस हो, तुझा माणूस येईपर्यंत." मी तोवर त्यांच्या फ्रीजची मागची जाळी खोलून बसले होते. आजींनी मशीन चालू झाल्यावरसुद्धा एकदा जिन्यात डोकावून पाहिलंच.

भिवंडीत एसीचं आयुष्य खडतर असतं. गावभर कापड विणणारे लूम चालतात आणि सुताची रुई हवेत उडत असते. आपल्याला दिसत नाही, पण आउटडोरच्या जाळीला दिसते. ठाण्याच्या मेकॅनिकला वर्षभरात जेवढी घाण मिळते तेवढी मला एका मोसमात मिळते. जाळीवर राखाडी थर बसतो, हातानं सोलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड निघतो. आत उष्णता कोंडली की मशीन जास्त वेळ धावतं, जास्त वीज खातं आणि तरी खोली गार होत नाही. लोक म्हणतात गॅस संपला. गॅस संपत नसतो. गळत नसेल तर तो वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. जाळी धुतली की निम्म्या तक्रारी मिटतात, आणि गिऱ्हाईक नाराज होतं, कारण त्याला वाटतं, हिनं तर फक्त पाणीच मारलं.

गॅसबद्दल मी जरा तापट आहे. घर बदलताना एसी काढायचा असला की पुष्कळ मेकॅनिक नळीचा नट सैल करतात आणि फुस्स करून सगळा गॅस हवेत सोडून देतात. काम पटकन होतं. खाली पोरं जमून त्या थंडगार वाफेत हात घालतात, मजा वाटते. पण हा गॅस वर जाऊन बसतो आणि पृथ्वीभोवती उष्णता अडकवून ठेवतो, चुलीच्या किंवा गाडीच्या धुरापेक्षा कित्येक पटींनी जास्त. खरं तर तो सोडायची गरजच नसते. बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मशीन थोडा वेळ चालू ठेवायचं, सगळा गॅस आपोआप आउटडोरमध्ये येऊन गोळा होतो, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. तोच गॅस नव्या घरी परत वापरायचा. मी असं करत बसले की टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "उड़ा दो ना मॅडम, गॅस ही तो है." एकदा मी म्हटलं, शेठ, घर सोडताना तुमचा सिलिंडर असाच गॅलरीत उघडून जाता का? त्यानं मला पुन्हा बोलावलं नाही. पण ते मशीन मी भरल्या गॅसनिशी पाठवलं, हे समाधान माझ्याकडे राहिलं.

आणखी एक जण होते, कापडाचे व्यापारी, नव्या टॉवरमध्ये राहणारे. त्यांचा एसी कायम सोळावर आणि घरातले सगळे दुलया पांघरून टीव्ही बघणारे. मी म्हटलं, सव्वीसवर ठेवा, वर पंखा लावा, दुलई कपाटात जाईल. ते म्हणाले, "सोळापर्यंत जातो म्हणून तर घेतला. सव्वीसवरच ठेवायचा तर मग उरलेल्याचं काय?" मी विचारलं, तुमच्या गाडीच्या काट्यावर एकशेऐंशी लिहिलंय, ते तुम्ही कल्याण नाक्याच्या गर्दीत कसं वसूल करता? त्यांची बायको दुलईच्या आतून खुदकन हसली. पुढच्या सर्व्हिसिंगला गेले तेव्हा रिमोट बाईंच्या उशाखाली होता आणि आकडा सव्वीस होता. आता त्या बाईकडे येते.

कामतघरला दोन चाळींच्या मधे एक बोळ आहे. तळमजला, वर एक मजला, त्यावर पत्रा. बोळ इतका चिंचोळा की वरच्या गॅलरीतून समोरच्या गॅलरीत भाजीची वाटी हातोहात देता येते. एका बाजूला वरच्या मजल्यावर चंद्रकलाकाकू आणि बाबूराव राहतात. बाबूरावांनी उभं आयुष्य लूमवर काढलं. मग लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. त्यांची खाट खिडकीला लावलेली, कारण त्या घरात वारा येतो तो तेवढ्या एका खिडकीतून. काकू पापड लाटून विकतात. त्यांचा जुना फ्रीज मी कितीदा जिवंत केला असेल, त्यामुळे आमची ओळख जुनी.

समोरच्या बाजूला, बरोबर त्यांच्या खिडकीपुढे, लूम कामगारांच्या दोन खोल्या. सगळी यूपीची पोरं, इथंच खालच्या खानावळीत जेवणारी. तिला इकडे बिसी म्हणतात. खोलीचा कारभार इम्तियाज बघतो, सगळ्यांत थोरला तोच. या खोल्या भिवंडीच्या बाहेरच्या माणसाला समजावून सांगाव्या लागतात. अर्धी माणसं दिवसपाळीला, अर्धी रातपाळीला. रातपाळीची येतात आणि दिवसपाळीच्यांनी मोकळ्या केलेल्या जागेवर आडवी होतात. संध्याकाळी उलट. त्यामुळे खोलीत कुणीतरी कायम झोपलेलं असतं. अशा खोलीत एसी बसला की तो कधी बंद होत नाही.

आणि तो बसला होता, पहिल्या खोलीत. दुसऱ्या कुणीतरी बसवला होता, आउटडोर बोळात, काकूंच्या खिडकीकडे तोंड करून. दोष देण्यासारखं काही नाही, सगळीकडे असाच बसवतात. पण त्या दिवसापासून काकूंच्या खिडकीतून वाऱ्याऐवजी गरम फुफाटा यायला लागला. त्यांनी खिडकी लावली, वर ओलं गोणपाट टांगलं. वर पत्रा, खाली कोंडलेली खोली. बाबूरावांना ताप चढला, चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की पेशंटला हवेशीर ठेवा, पुन्हा असं तापू देऊ नका.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खोल्यांच्या मालकानं मला बोलावलं होतं दुसऱ्या खोलीत एसी बसवायला. खोका वर चढवला, मी भिंतीत भोक कुठं पाडायचं ते बघत होते, तेवढ्यात काकू जिना चढून समोरून आल्या. त्या भांडायला आल्यात असं पोरांना वाटलं, पण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"गं बाय, तू व्हय? ह्यो दुसरा डबा तू लावलास तं माझ्या म्हाताऱ्याला खाटंसकट दुसरीकडं न्यावं लागंल. आनि दुसरीकडं आमचं हाय कोन?"

त्यांच्या आवाजात चीड नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

इम्तियाज उठून उभा राहिला. झोपेतून उठल्यामुळे डोळे लाल होते. तो हळूच म्हणाला, "काकी, शौक़ के लिए नहीं लगवा रहे. दिन में इस पतरे के नीचे नींद नहीं आती. और नींद पूरी नहीं हुई तो लूम पर हाथ जाता है."

मागं भिंतीला टेकून एक पोरगा बसला होता, शकील. त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. रातपाळीत डुलकी लागली होती. काकूंनी त्या हाताकडे बघितलं. खोलीत एसी नाही म्हणून एकाची बोटं जातात आणि एसी आहे म्हणून समोरच्याचा जीव जातो, यात मी कुणाची बाजू घेणार होते? मला राग आला तो त्या पत्र्याचा.

मालकाला मी सांगितलं, बोळात आउटडोर लावणार नाही. तो म्हणाला, भिवंडीत मेकॅनिक काय तुम्ही एकट्याच आहात? ते खरंच होतं. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांबा, काहीतरी काढते. शुक्रवारी लूम बंद असतात, पोरं घरी असतात. मालकाला घाई नव्हती. तो बरं म्हणाला आणि खोका तसाच कोपऱ्यात राहिला. खरं सांगायचं तर काय काढणार, हे मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी गेले तर बोळात ही गर्दी. मला वाटलं बाबूरावांचंच काही झालं. पुढे होऊन बघते तर सगळ्यांच्या माना वर. इम्तियाजनं आणि त्याच्या पोरांनी आउटडोरला कापडाचा भोंगा शिवला होता. लूमवरचं नापास झालेलं कोरं कापड, ओळखीच्या टेलरकडून दुहेरी शिवण मारून आणलेलं, पायजम्याच्या पायासारखं लांब. खालचं तोंड तारेनं आउटडोरच्या पंख्याभोवती घट्ट बांधलेलं आणि वरचं टोक पत्र्यावर उभ्या केलेल्या बांबूला. गरम हवा भोंग्यातून वर जाईल आणि काकूंच्या खिडकीत येणार नाही, असा बेत. भिवंडीच्या माणसाला कुठलीही अडचण सांगा, तो त्यावर कापडच काढणार.

"मॅडम, देखो अब," इम्तियाज म्हणाला आणि आत ओरडला. मशीन चालू झालं. भोंगा आधी थरथरला, मग फुगायला लागला आणि चक्क उभा राहिला, पांढराशुभ्र, पत्र्याच्याही वर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर काकूंनी गोणपाट बाजूला केलं आणि खिडकीची एक फळी उघडली, हात बाहेर काढून बघितला, मग दुसरी फळी उघडली. आत खाटेवर बाबूराव दिसले. त्यांनी मान वळवून त्या भोंग्याकडे बघितलं.

मला पुढचं दिसत होतं. आउटडोरचा पंखा एवढी हवा वर ढकलण्याइतक्या ताकदीचा नसतो. त्यात कापडाच्या विणीत आधीच रुई बसलेली. हवा वर जाण्याऐवजी मागे साठायला लागली, मशीन गुरगुरलं, तापलं आणि खट्ट करून बंद पडलं. भोंग्यातला जीव गेला. तो आधी मधेच वाकला, मग बांबूसकट काकूंच्या गॅलरीकडे कलला आणि अख्खाच्या अख्खा त्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर येऊन निवांत पसरला.

इम्तियाजचं तोंड बघवत नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून एक आवाज आला, मला आधी वाटलं बाबूरावांना ठसका लागला. पण ते हसत होते. अर्धं तोंड हलत नव्हतं, उरलेल्या अर्ध्यानं हसत होते आणि डाव्या हातानं पापडांकडे बोट करत होते. काकू पापड सोडून त्यांच्याकडे धावल्या.

"हसला गं," त्या खिडकीतून मला म्हणाल्या. "आजारी पडल्यापास्नं पयल्यांदा हसला."

पापडांचा चुरा झाला होता, त्याचं त्यांना भानही नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी या गॅलरीतून त्या गॅलरीत चहाची किटली दिली. आठवड्यातली एकच सुट्टी या पोरांनी त्यांच्या म्हाताऱ्यासाठी भोंगा शिवण्यात घालवली होती, हे त्यांना न सांगता कळलं होतं. मलाही त्याच क्षणी धीर आला. यंत्राचं काय, ते ऐकतंच. माणसं ऐकतील की नाही याची मला भीती होती, ती गेली.

चहा झाल्यावर मी इम्तियाजला घेऊन पत्र्यावर गेले. भोंगा चुकीचा होता, पण त्याची दिशा बरोबर होती. गरम हवा वरच जायला हवी. मग कापडानं हवा वर नेण्याऐवजी डबाच वर का आणू नये? पत्र्याला त्याचं वजन पेलवलं नसतं, पण दोन्ही टोकांच्या भिंती चांगल्या होत्या. भिंतींवर लोखंडी अँगल टेकवून त्यावर स्टँड केला तर पत्र्याला धक्काही लागणार नाही. मी हे सांगत होते आणि इम्तियाज एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता, कारण चपलेतूनसुद्धा पत्रा पोळत होता. गंजलेला, काळपट, वर रुईचा आणि धुळीचा थर. मी त्याला म्हटलं, हा बघ तुमचा खरा दुश्मन. हा दिवसभर खोलीत उष्णता ओततो आणि तुमचं मशीन ती दिवसभर उपसून काकूंच्या खिडकीत टाकतं. आधी ओतणं बंद करू. पांढरं केलं की बरंचसं ऊन आल्या पावली परत जातं.

"सफ़ेद करने से इतना फ़र्क़ पड़ेगा?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, दुपारच्या उन्हात काळा बुरखा आणि पांढरा कुर्ता यातला फरक घरी बहिणीला विचार. तो हसला आणि खाली उतरायची घाई करायला लागला.

मालकाला पर्यावरण कळलं, असा दावा मी करणार नाही. पत्रा पांढरा केला आणि मधल्या भिंतीला वरून झरोका पाडला तर एकाच मशीनवर दोन्ही खोल्या भागतील, दुसरा एसी लागणारच नाही, हे मात्र त्याला लगेच कळलं. खोका दुकानात परत गेला. माझं बसवण्याचं काम गेलं ते गेलंच, वर दुकानदारानं मला ऐकवलं की मॅडम, तुम्ही धंदा करता की मोडता?

पुढच्या शुक्रवारी सगळा बोळ कामाला लागला. पोरांनी पहाटेच पत्रा घासून धुतला, ऊन चढायच्या आत चुन्यात चिकटवायचा डिंक मिसळून पहिला हात मारला. मधल्या भिंतीत झरोका पाडला, वेल्डरनं स्टँड केला. मी व्हॉल्व्ह बंद करून गॅस आउटडोरमध्ये गोळा केला, एक फुंकरभरसुद्धा बाहेर जाऊ दिला नाही, आणि पोरांनी लूमच्या जुन्या पट्ट्यांनी तो डबा वर ओढला. तोंड मोकळ्या बाजूला, पाठीला वारा, खाली रबर, म्हणजे थरथर भिंतीत उतरणार नाही. काकू खालून हातात झाडू घेऊन हुकूम सोडत होत्या आणि पोरं त्यांच्याकडे बघून मुद्दाम उलट करत होती. शेवटी चुना उरला. इम्तियाजनं कुणाला विचारलं नाही. बोळावर फळी टाकली, समोर गेला आणि शकीलच्या चांगल्या हातात ब्रश देऊन दोघांनी काकूंचा पत्राही पांढरा करून टाकला.

याची फार मोठी गोष्ट करायची माझी इच्छा नाही. शेजारच्या बोळात अजून डबे समोरासमोर तोंडं करून एकमेकांवर गरम हवा फेकतात आणि दोन्हीकडची माणसं म्हणतात, यंदा उन्हाळा फारच आहे. मी तिथून जाते तेव्हा जीव तुटतो. गॅस उडवणारे अजून उडवतातच. पण त्या शुक्रवारनंतर मागच्या दोन चाळींनी माणूस पाठवून चुन्यात काय काय घातलं ते विचारून नेलं, आणि वेल्डरनं तसले स्टँड करायचं काम मनावर घेतलं आहे. मला आता गुडघ्यांमुळे पत्र्यावर चढवत नाही, तर खाली उभी राहून ओरडते. गिऱ्हाइकाला मी आता विचारते, तुमची गरम हवा कुणाच्या खिडकीत जाणार? काही जण वैतागतात. काही जण गॅलरीत येऊन समोर बघतात.

ते काम झालं आणि थोड्या दिवसांनी, मे महिन्यातल्या भर दुपारी इम्तियाजचा फोन आला. आवाज घाबरलेला. "मॅडम, एसी बंद पड़ गया. लड़के उठ के बैठ गए हैं." मी जेवायला बसले होते. नळी कुठं ढिली राहिली, स्टँड हलला की काय, रिक्षात बसेपर्यंत मी माझ्याच कामावर शंभर शंका काढल्या. मे महिन्यात ते मशीन बंद पडलं तर मालक दुसऱ्या मेकॅनिकला बोलावणार, तो डबा पुन्हा बोळात येणार आणि काकूंची खिडकी पुन्हा बंद होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

वर गेले. रातपाळीची पोरं भिंतीला टेकून बसलेली, सगळी माझ्याकडे बघणारी. मी चप्पल काढली आणि खोलीत पाऊल टाकलं. लादी गार होती. आतल्या मशीनचा पंखा हळू फिरत होता, दिवा चालू होता, फक्त वरच्या डब्याचा आवाज नव्हता. मी सगळं तपासलं. काहीही बिघडलेलं नव्हतं. खोली हवी तेवढी गार झाली होती, म्हणून कॉम्प्रेसर थांबला होता. लागेल तेव्हा पुन्हा चालू होणार होता. बसवल्यापासून दिवसाढवळ्या ते मशीन आपणहून एकदाही थांबलं नव्हतं, पोरांनी त्याला बिघडल्याशिवाय थांबलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आणि लूमच्या धडधडाटात जन्म काढणारी ही माणसं, त्यांना जाग आली होती ती शांततेमुळे.

मी सांगितलं, ख़राब नहीं हुआ, आराम कर रहा है. कुणाचा विश्वास बसेना. इम्तियाज गॅलरीत गेला, त्याच्या मागं शकील, मग बाकीचे, आणि सगळे पत्र्याकडे कान देऊन उभे राहिले. मीही गेले. समोरची खिडकी सताड उघडी होती, गोणपाट काढून टाकलेलं. काकू खिडकीत उभ्या होत्या आणि त्यांनी आम्हाला बघताच ओठांवर बोट ठेवलं. मागं खाटेवर बाबूराव झोपले होते, तोंड किंचित उघडं, डावा हात खिडकीच्या कठड्यावर टाकलेला.

तेवढ्यात वर डबा चालू झाला. सगळ्या पोरांनी एकदम काकूंकडे बघितलं.

"काकी," इम्तियाज दबक्या आवाजात म्हणाला, "गरम हवा?"

काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला. पंजा पसरून बोळाच्या मधोमध धरला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला, बराच वेळ तसाच ठेवला. पोरं त्या हाताकडे बघत होती.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "जा, झोपा रं पोरांनो."

पोरं एकेक करून आत गेली आणि आडवी झाली. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरले.